तीन अक्षरं आणि दहा दिवस
गांधीजींच्या खुनाचा तपास, आणि श्रीगोंदा तालुक्यापर्यंत पोचलेला त्याचा एक धागा

दोस्तांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या पाहू. दौंडवर बोट ठेवा आणि रेल्वेच्या रुळांवरून मनमाडच्या दिशेनं निघा. भीमा नदी ओलांडली की लागतो श्रीगोंदा तालुका. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी ही स्टेशनं मागे टाकली की एक छोटं स्टेशन येतं. त्याचं नाव विसापूर.

श्रीगोंदा म्हटलं की कुणाला संत शेख महंमद महाराज आठवतात, कुणाला शिंद्यांचे वाडे, तर कुणाला पेडगावचा बहादूरगड. विसापूर म्हटलं की आठवतो तिथला तलाव आणि तिथला तुरुंग. १९३०नंतरच्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत इंग्रजांनी कितीतरी सत्याग्रहींना या विसापूरच्या तुरुंगात डांबलं होतं. पण १९४७ साली याच विसापुरात वेगळीच माणसं येऊन राहिली. त्यांनी काही गुन्हा केलेला नव्हता. ती होती निर्वासित माणसं.

देशाची फाळणी झाली होती. पंजाब आणि सिंधमधून लाखो लोक घरदार, शेती, दुकानं, कधीकधी जिवलग माणसंसुद्धा मागे टाकून इकडे आले. सरकारनं त्यांच्यासाठी ठिकठिकाणी छावण्या उघडल्या. त्यातलीच एक विसापूरची. नगरपासून रेल्वेनं अगदी जवळ असलेल्या या छावणीत हजारो निर्वासित होते.

या छावणीशी संबंध आलेला एक तरुण होता मदनलाल पाहवा. पंजाबातल्या पाकपट्टणचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. काही काळ तो नौदलात बिनतारी यंत्रावर काम करत होता. वय असेल विशीचं. फाळणीच्या दंगलीत त्याच्या घरावर आघात झाला आणि तो भटकत भटकत मुंबईला, तिथून नगरला आला. मनात राग धुमसत होता.

राग येणं आपण समजू शकतो. तुमचं घर कुणी हिसकावून घेतलं तर तुम्हांला नाही का येणार? पण राग आलेल्या माणसाला शेजारी कोण भेटतं, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. मदनलालला नगरमध्ये भेटला विष्णू करकरे. तो नगरला 'डेक्कन गेस्ट हाउस' नावाचं हॉटेल चालवायचा आणि हिंदू महासभेचा कार्यकर्ता होता. करकरेची ओळख होती पुण्याच्या नारायण आपटेशी. आपटे काही काळ नगरच्या मिशन हायस्कुलात शिक्षक होता. आणि आपटेचा भागीदार होता नथुराम गोडसे. दोघं मिळून पुण्यात एक वर्तमानपत्र काढत. आधी त्याचं नाव 'अग्रणी' होतं, नंतर 'हिंदू राष्ट्र' झालं.

विसापूर, नगर, पुणे. ही साखळी नीट लक्षात ठेवा. पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

भिंतीमागचा स्फोट

आता दिल्लीला चला. तारीख २० जानेवारी १९४८. बिर्ला हाउसमध्ये गांधीजींची सायंप्रार्थना चालू होती. दिल्लीत शांतता नांदावी म्हणून १३ जानेवारीला सुरू केलेलं उपोषण त्यांनी दोनच दिवसांपूर्वी, १८ तारखेला सोडलं होतं. अंगात अशक्तपणा होता. वय ७८.

एवढ्यात धडाम्! मागच्या भिंतीपाशी स्फोट झाला. लोक घाबरून उठले. गांधीजींनी सगळ्यांना शांत बसायला सांगितलं आणि प्रार्थनासभा पुढे चालू ठेवली.

स्फोट करणारा तरुण पळून गेला असता. पण जवळच राहणाऱ्या सुलोचनादेवी नावाच्या बाईंनी त्याला पाहिलं होतं. त्यांनी बोट दाखवलं आणि तरुण पकडला गेला. त्याच्या खिशात एक हातबाँब सापडला. तो तरुण होता मदनलाल पाहवा.

मदनलाल एकटा नव्हता. त्या दिवशी सात जणांची टोळी बिर्ला हाउसवर आली होती. नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे, नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे, पुण्यात शस्त्रांचं दुकान चालवणारा दिगंबर बडगे, त्याचा नोकर शंकर किस्तय्या आणि मदनलाल. स्फोटानं गोंधळ उडवायचा आणि त्या गोंधळात गांधीजींवर हल्ला करायचा, असा बेत होता. तो फसला. बाकीचे सहा जण निसटले.

दुसऱ्या दिवशी गांधीजी काय म्हणाले असतील? त्या मुलाचा कुणी तिरस्कार करू नका, पोलिसांनीही त्याला छळू नये, असं त्यांनी प्रार्थनासभेत सांगितलं.

तुम्ही तपास अधिकारी असता तर?

आता जरा वेळ तुम्ही पोलीस अधिकारी व्हा. सहा माणसं पळाली आहेत. त्यांची नावं तुम्हांला ठाऊक नाहीत. मात्र टेबलावर तीन धागे पडले आहेत.

पहिला धागा : मदनलालच्या तोंडून निघालेलं एक नाव. करकरे. दिल्लीच्या पोलिसांना हे मराठी आडनाव नवखं. कागदावर ते वेडंवाकडं उतरलं.

दुसरा धागा : कपडे. मदनलालनं पोलिसांना कॅनॉट सर्कसमधलं मरीना हॉटेल दाखवलं. तिथल्या ४० नंबरच्या खोलीत देशपांडे असं खोटं नाव सांगून दोघं उतरले होते. खोली रिकामी होती. पण घाईत निघून जाताना धुवायला दिलेले काही कपडे मागे राहिले होते. त्यांवर धोब्याची खूण होती, 'एन. व्ही. जी.'

धोब्याची खूण म्हणजे काय, हे आता कदाचित आजीआजोबांनाच विचारावं लागेल. शंभर घरांचे कपडे एकत्र धुवायचे तर कुणाचे कोणते हे कसं कळणार? म्हणून परीट कपड्याच्या आतल्या बाजूला काळी खूण करत. त्यासाठी बिब्बा वापरत. बिब्ब्याचा रस कापडावर असा बसतो की कितीही धुवा, आपटा, जात नाही! तर त्या न जाणाऱ्या खुणेत आपल्याला हव्या असलेल्या माणसाच्या नावाची तीन आद्याक्षरं होती. नथुराम विनायक गोडसे.

तिसरा धागा : एका वर्तमानपत्राचा उल्लेख. आपल्या साथीदारांपैकी एक जण पुण्याच्या एका वर्तमानपत्राशी संबंधित आहे, असं मदनलालच्या जबानीत आलं.

तीनही धागे एका टेबलावर ठेवा. पुण्याचं वर्तमानपत्र. त्याचा संपादक कोण? मुंबई सरकारच्या गृहखात्याकडे प्रांतातल्या वर्तमानपत्रांची यादी असे. तीत 'हिंदू राष्ट्र'समोर संपादक एन. व्ही. गोडसे आणि चालक एन. डी. आपटे अशी नोंद होती. आणि कपड्यावर? एन. व्ही. जी.!

जुळलं की नाही? मग प्रत्यक्षात ते का जुळलं नाही? कारण हे धागे एका टेबलावर नव्हतेच. कपडे दिल्लीत होते, यादी मुंबईला होती आणि गोडसे-आपट्यांना चेहऱ्यानं ओळखणारे पोलीस पुण्यात होते.

रुइया कॉलेजचे प्राध्यापक

चौथा धागाही होता, आणि तो चालत चालत स्वतःहून सरकारकडे आला.

मुंबईच्या रुइया कॉलेजात डॉ. जगदीशचंद्र जैन नावाचे प्राध्यापक होते. निर्वासित मदनलालवर त्यांचा जीव होता. त्याला चार पैसे मिळावेत म्हणून त्यांनी आपली पुस्तकं त्याला विकायला दिली होती. जानेवारीच्या मध्यावर मदनलालनं त्यांना आपला बेत ऐकवला. आम्ही गांधीजींना मारणार आहोत, आणि नगरचा करकरे आमच्या पाठीशी आहे, अशा अर्थाचं तो बोलला. प्राध्यापकांना वाटलं, पोरगा बढाया मारतोय. त्यांनी त्याची समजूत घातली. एका मित्राशी ते याबद्दल बोलले. जयप्रकाश नारायण मुंबईत होते, त्यांच्या कानावर घालायचाही प्रयत्न केला, पण सगळं सविस्तर सांगणं जमलं नाही.

२१ जानेवारीच्या वर्तमानपत्रात स्फोटाची बातमी आली. पकडलेल्याचं नाव मदनलाल! जैन हादरले. ते त्याच दिवशी धडपड करून मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले आणि करकरेच्या नावासकट सगळं सांगून टाकलं.

मोरारजीभाई त्याच रात्री अहमदाबादला निघाले होते. त्यांनी पोलीस उपायुक्त जमशेद नगरवाला यांना मुंबई सेंट्रल स्टेशनवर बोलावून घेतलं आणि करकरेला पकडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत त्यांनी ही हकिगत सरदार पटेलांच्या कानावर घातली. म्हणजे स्फोटानंतर दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या पोलिसांकडे 'नगरचा करकरे' हा धागा आला होता.

आणि नगरमध्ये? नगरच्या पोलिसांना करकरे आणि मदनलाल चांगले ठाऊक होते. ५ जानेवारीला नगरमध्ये रावसाहेब पटवर्धनांची सभा होती. स्वातंत्र्यलढ्यातले हे आदरणीय पुढारी हिंदू-मुस्लिम ऐक्याबद्दल बोलत असताना मदनलालनं सभेत शिरून त्यांच्यावर हल्ला केला होता. त्याच सुमारास नगरमध्ये एका ठिकाणी शस्त्रं सापडली होती आणि त्यांचा माग करकरेकडे जात होता. या दोघांना स्थानबद्ध करावं, असा विचारही चालू होता. पण कागद पुढे सरकेपर्यंत दोघंही नगर सोडून गेले होते.

विमान आणि रेल्वे

आता घड्याळाकडे बघा. हातात किती वेळ होता? दहा दिवस.

२१ जानेवारीला दिल्लीचे दोन पोलीस अधिकारी विमानानं मुंबईला गेले. नगरवालांना भेटले आणि दोन-तीन दिवसांत परत आले. त्यांनी मुंबईच्या पोलिसांना नेमकं काय सांगितलं, वर्तमानपत्राचा उल्लेख केला की नाही, यावर पुढे दिल्ली आणि मुंबईचं कधीच एकमत झालं नाही.

मग मदनलालची सविस्तर जबानी तयार झाली. योगायोग असा, की पुण्याच्या गुप्त पोलिसांचे प्रमुख यू. एच. राणा त्याच वेळी दिल्लीत होते. २५ जानेवारीला ती जबानी त्यांच्या हाती दिली गेली. पुण्याचं वर्तमानपत्र म्हटल्यावर ते कोणाचं, हे सांगणारी माणसं राणांच्याच हाताखाली होती!

राणा निघाले. विमानानं नाही, आगगाडीनं. तीही सरळ मुंबईची नव्हे, अलाहाबादमार्गे. ते मुंबईला पोचले २७ जानेवारीला. पुण्यात आले त्यानंतर.

आणि त्याच २७ जानेवारीला, नावं बदलून, नथुराम गोडसे आणि नारायण आपटे मुंबईहून दिल्लीला गेले. कशानं? विमानानं.

दिल्लीहून ते ग्वाल्हेरला गेले. तिथे दत्तात्रेय परचुरे नावाच्या डॉक्टरच्या ओळखीतून त्यांना एक बेरेटा बनावटीचं इटालियन पिस्तूल मिळालं. २९ तारखेला ते दिल्लीत परतले आणि जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवरच्या विश्रांतिकक्षात उतरले. करकरेही येऊन मिळाला.

इकडे बिर्ला हाउसवर पोलिसांची संख्या वाढवली होती. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी, असं पोलिसांचं म्हणणं होतं. गांधीजींनी ते मानलं नाही. प्रार्थनेला येणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा, हे त्यांच्या मनाला पटण्यासारखं नव्हतं. आता विचार करा. झडती नाही, तर दुसरा उपाय कोणता? पुण्यातून चार पोलीस आणायचे, ज्यांना गोडसे-आपट्यांचे चेहरे माहीत आहेत. त्यांना साध्या कपड्यांत दारात उभं करायचं. एवढंच. पण त्यासाठी आधी नावं जुळायला हवी होती.

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटं. प्रार्थनेला थोडा उशीर झालेले गांधीजी मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून लगबगीनं चालले होते. गर्दीतून नथुराम पुढे आला. मनूला त्यानं बाजूला ढकललं आणि तीन गोळ्या झाडल्या.

पुढचं तुम्हांला माहीत आहे.

पंधरा दिवसांचा पाठलाग

नथुराम जागच्या जागी पकडला गेला. नाव कळलं आणि इतके दिवस न जुळलेले धागे काही तासांत जुळले. एन. व्ही. जी. म्हणजे कोण, हा प्रश्नच उरला नाही. त्याचा भागीदार आपटे, आपट्याचा दोस्त करकरे, शस्त्रं देणारा बडगे, सगळी साखळी डोळ्यांसमोर आली. तपासाची सूत्रं नगरवालांकडे देण्यात आली.

मग पकडापकडी सुरू झाली :

३१ जानेवारी : पुण्यात दिगंबर बडगे सापडला.

३ फेब्रुवारी : ग्वाल्हेरला डॉ. परचुरे ताब्यात.

५ फेब्रुवारी : गोपाळ गोडसे पकडला गेला. तो खडकीच्या लष्करी डेपोत नोकरीला होता. त्याच दिवशी मुंबईत विनायक दामोदर सावरकर यांनाही अटक झाली.

६ फेब्रुवारी : शंकर किस्तय्या सापडला.

राहिले दोघं, आपटे आणि करकरे. खुनाच्या दिवशी हे दोघंही दिल्लीतच होते. गर्दीचा फायदा घेऊन ते निसटले आणि मुंबईला आले. मुंबई केवढी मोठी! त्यात दोन माणसं शोधायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई. हे दोघं नावं बदलत, आज या हॉटेलात तर उद्या त्या, असे दिवस काढत होते. कधी ठाण्याला ओळखीच्यांकडे जात.

पण लपलेल्या माणसाची एक अडचण असते. त्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटतंच. आपटे ओळखीच्या ठिकाणी टेलिफोन करील, असा पोलिसांचा अंदाज होता आणि अशा टेलिफोनवर त्यांनी पाळत ठेवली होती. अंदाज बरोबर निघाला. १४ फेब्रुवारीला मुंबईतल्या अपोलो हॉटेलात आधी आपटे आणि मग, काही तासांनी तो परतल्यावर, करकरे असे दोघंही पोलिसांच्या हाती लागले.

गोळ्या झाडल्यापासून पंधराव्या दिवशी जवळजवळ सगळी टोळी गजाआड होती. ग्वाल्हेरचे तीन आरोपी मात्र फरारी राहिले.

बालमित्रांनो, इथे एक प्रश्न मनात येतोच. जे पोलीस पंधरा दिवसांत सगळ्यांना शोधून काढतात, त्यांना आधीच्या दहा दिवसांत का जमलं नाही? माणसं तीच होती, तार तीच, टेलिफोन तोच. फरक पडला घाईत. खुनानंतर प्रत्येक जण आपल्याकडचा तुकडा घेऊन धावत सुटला. त्याआधी प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बघून घेईल.

अर्थात तेव्हाची परिस्थितीही ध्यानात घ्यायला हवी. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा महिनेच झाले होते. फाळणीमुळे पोलीस दलाचीसुद्धा वाटणी झाली होती. दिल्ली निर्वासितांनी भरून वाहत होती, रोज नव्या दंगलीची धास्ती. देशाच्या गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख टी. जी. संजीवी हेच दिल्लीच्या पोलिसांचेही प्रमुख. दोन माणसांचं काम एकाच्या डोक्यावर! ही कारणं खरी आहेत. पण तीन अक्षरं वाचायला फार मोठी फौज लागत नाही, हेही तितकंच खरं.

दुसरा 'शोध', जो व्हायला नको होता

त्या दिवसांत महाराष्ट्रात आणखी एक शोध चालू होता. तो पोलिसांचा नव्हता, जमावाचा होता.

मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण आहे, हे कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि अनेक खेड्यांत जमाव बाहेर पडले. ज्यांचा या कटाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांची घरं आणि दुकानं जाळली गेली. काहींचे प्राणही गेले. कशासाठी? जात सारखी म्हणून!

ज्या माणसानं 'त्या मुलाचा तिरस्कार करू नका' म्हणून सांगितलं, त्याच्या नावानं हे झालं. पोलिसांच्या तपासात आणि जमावाच्या 'शोधा'त हाच फरक असतो. पोलीस विचारतात, 'तू काय केलंस?' जमाव विचारतो, 'तू कुणातला?' विसापूरच्या छावणीतली माणसं याच दुसऱ्या प्रश्नामुळे बेघर झाली होती आणि आता आपल्याच गावांतली काही माणसं त्याच प्रश्नामुळे बेघर झाली.

न्यायालयात

आरोपींना मात्र जमावाच्या हवाली केलं गेलं नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यात विशेष न्यायालय बसलं. न्यायाधीश होते आत्माचरण. १९४८च्या मे महिन्यात खटल्याचं काम सुरू झालं. सरकारतर्फे १४९ साक्षीदार तपासले गेले. आरोपींना वकील मिळाले, उलटतपासणी करता आली, आपली बाजू मांडता आली. बडगे माफीचा साक्षीदार झाला.

१० फेब्रुवारी १९४९ला निकाल लागला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी. करकरे, मदनलाल, गोपाळ गोडसे, शंकर किस्तय्या आणि परचुरे यांना जन्मठेप. सावरकरांना न्यायालयानं निर्दोष सोडलं. पुढे अपील झालं, तेव्हा उच्च न्यायालयानं शंकर आणि परचुरे यांचीही सुटका केली. १५ नोव्हेंबर १९४९ला अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे आणि आपटे यांना फाशी देण्यात आली.

न्यायाधीश आत्माचरण यांनी आरोपींचा निवाडा केलाच, पण पोलिसांनाही सोडलं नाही. २० ते ३० जानेवारी या काळात तपासात ढिलाई झाली, ती झाली नसती तर हा प्रसंग बहुधा टळला असता, असं त्यांनी निकालपत्रात स्पष्ट नोंदवलं. सरकारच्याच पोलिसांना सरकारच्याच न्यायालयानं असं सुनावणं, ही छोटी गोष्ट नव्हे बरं का!

एकवीस वर्षांनी मिळालेली उत्तरं

प्रकरण इथे संपलं असं सगळ्यांना वाटलं. पण ऑक्टोबर १९६४मध्ये करकरे, मदनलाल आणि गोपाळ गोडसे शिक्षा भोगून सुटले. पुढच्याच महिन्यात पुण्यात एक कार्यक्रम झाला. त्यात 'तरुण भारत'चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी सांगितलं, की नथुरामचा बेत आपल्याला आधीपासून माहीत होता. देशभर गदारोळ उठला. आणखी कुणाकुणाला माहीत होतं? मग वाचवलं का नाही?

सरकारनं चौकशी आयोग नेमला. १९६६पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी हे काम पाहिलं. त्यांनी १०१ साक्षीदारांना विचारलं, ४०७ कागदपत्रं तपासली आणि १९६९मध्ये अहवाल दिला. खुनाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. धोब्याची खूण, वर्तमानपत्रांची यादी, राणांचा रेल्वेप्रवास, नगरच्या पोलिसांच्या नोंदी, सगळं त्या अहवालात आहे. आज आपण ही हकिगत एवढ्या बारकाव्यानं सांगू शकतो, ती पुष्कळशी या अहवालामुळेच.

आणि प्राध्यापक जैन? त्यांनी खटल्यात साक्ष दिली. आपण वेळेवर सांगूनही उपयोग झाला नाही, ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही. त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थच 'मी बापूंना वाचवू शकलो नाही' असा आहे. खरं तर या सगळ्या गोष्टीत सुलोचनादेवींनंतर न घाबरता पुढे आलेला माणूस म्हणजे हे प्राध्यापकच. पण त्यांनाही आधीचे काही दिवस वाटत राहिलं होतं, की पोरगा नुसता बोलतोय.

आता तुमच्यासाठी

या लेखातल्या तारखा एका कागदावर ओळीनं मांडा. २० जानेवारी ते ३० जानेवारी, अकरा रकाने. प्रत्येक रकान्यात लिहा : त्या दिवशी कुणाला काय माहीत होतं, आणि त्यानं ते कुणाला सांगायला हवं होतं. मग आईबाबांना कागद दाखवा आणि विचारा, तुम्ही असता तर कोणत्या दिवशी, कोणाला गाठलं असतं?

आणि एक प्रश्न फक्त तुम्हां मुलांसाठी. समजा, तुमचाच एखादा मित्र रागाच्या भरात म्हणाला, 'मी अमक्याला दाखवतोच, त्याला सोडणार नाही.' तो खरंच बोलतोय की बढाई मारतोय, हे तुम्हांला कळत नाही. सांगितलं तर चहाडखोर ठरण्याची भीती, नाही सांगितलं तर काही भलतंच घडण्याची भीती. काय कराल? कोणत्या मोठ्या माणसाला सांगाल? त्या माणसाचं नाव आजच ठरवून ठेवा. प्राध्यापक जैनांना ते नाव शोधण्यातच किती दिवस लागले, हे आपण पाहिलंच आहे.